मांगरातलं गोल्फ

आमच्या मांगरात गोल्फ खेळतात. खेळतात म्हणजे मी खेळते. हे एकदा माझ्या हातानं लिहून ठेवायचं होतं, कारण गावात ह्या मांगराच्या बऱ्याच गोष्टी फिरतायत आणि त्यातली एकही मी सांगितलेली नाही. एका गोष्टीत आम्हाला तिथं खणताना हंडा मिळालाय. दुसरीत कुणा बिल्डरनं आम्हाला भागीत घेतलंय. आणि बायकांच्यात जी फिरते, तिच्यात मला कुणीतरी काहीतरी केलंय आणि घरच्यांनी वेळेत कुणाला तरी दाखवायला हवं होतं.

खरं फार साधं आहे. मला एक पूर्ण स्विंग मारायचा होता. हात मागे, खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, आणि तिथून सगळं अंग वळवून खाली. मधे छप्पर लागायला नको होतं. एवढ्यासाठी सगळं केलं.

माझं माहेर घाटावर, इथून एसटीनं अख्खा दिवस जातो. शाळा सातवीत सुटली. आमच्या शेताला लागून शहरातल्या लोकांनी गोल्फची रेंज काढली होती. रेंज म्हणजे नुसतं लांबलचक गवत. एका कडेला ओळीनं माणसं उभी राहतात, चेंडू मारतात, चेंडू लांब जाऊन पडतात, आणि ते टोपल्यांत गोळा करायला आमच्यासारख्या पोरी. पाठीला प्लायवूडची फळी बांधून आम्ही वाकून फिरायचो. फळीवर चेंडू आपटला की लोक तिकडून हात वर करून सॉरी म्हणायचे. काही म्हणायचे नाहीत.

सोमवारी रेंज बंद. तिथं शिकवणारा म्हातारा पूर्वीचा कॅडी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणारा होता. त्या दिवशी तो आम्हा पोरींच्या हातात काठ्या द्यायचा. हे त्याच्या पगारात नव्हतं आणि कळलं असतं तर नोकरी गेली असती. "गोळा करताय तर मारून बी बघा की," म्हणायचा, "कळू द्या तिकडनं कसं दिसतंय ते." तिकडून फार छान दिसायचं. मी मारलेला चेंडू वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा आणि मग आमच्याच शेताच्या बांधाच्या दिशेनं उतरायचा. घरी, शाळेत, कुठंच माझ्या हातून इतक्या लांब काही गेलं नव्हतं.

लग्न ठरलं तेव्हा त्या म्हाताऱ्यानं मला एक जुनी लोखंडी डोक्याची काठी, सात नंबरची आयर्न दिली, माझ्या उंचीला कापून. ती ट्रंकेतून सिंधुदुर्गात आली. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ती ट्रंकेतून काढली, हातात घेऊन तोल बघितला आणि केळीवर बसलेल्या माकडांच्या मागे धावल्या. त्यानंतर ती काठी मागच्या दाराआड. माझी होती असं म्हणायला मला फार वर्षं लागली.

इथली घरं ठेंगणी. पागोळ्या हाताला लागतील इतकं खाली आलेलं छप्पर, कपाळाला लागेल अशी चौकट. पहिल्या वर्षी मी इतक्यांदा डोकं आपटून घेतलं की नणदा हसायच्या, "घाटयेक दार दिसणा नाय!" घाटी म्हणजे घाटावरची. शिवी नव्हे, पण लाडाचंही नव्हे. मग वाकायची सवय झाली. इतकी, की माहेरी गेल्यावर सरळ उंच दारातूनही मी मान खाली घालून शिरायची.

वडील गेल्यावर भावांनी शेत विकलं. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात, तसं त्यांना घेता आलं असतं. मी सहीही केली असती. त्यांनी माझा वाटा माझ्या खात्यात भरला आणि धाकट्यानं फोन केला, "ताई, हे तुझं हाय. घराच्या डागडुजीत घालू नकोस, सांगून ठेवतो." मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन उगाच झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. त्या दोघांचं मी काय देणं लागते ते मला अजून बोलून दाखवता आलेलं नाही.

त्याच धाकट्यानं पुढं एक व्हिडिओ पाठवला. रेंज गेली होती, तिथं इमारती उभ्या होत्या, आणि त्यातल्या एका इमारतीत, खोलीत, एक माणूस गोल्फ खेळत होता. समोर मोठा पांढरा पडदा. त्यावर हिरवं मैदान, झाडं, तळं. माणूस चेंडू मारतो, चेंडू पडद्यावर धपकन आपटून खाली पडतो आणि पडद्यातला चेंडू पुढं उडत जातो. बाजूला ठेवलेली एक डबी चेंडूचा वेग, कोन, सगळं मोजते. भावानं खाली लिहिलं होतं, "आता असं खेळत्यात. बघ."

मी बघितलं. भात उतू गेला तरी बघत होते.

घरात सांगायला मला धीर होत नव्हता. मी तशी भित्री आहे. गॅस बंद केला का हे बघायला बाजारातून परत आलेली बाई मी. शेवटी एका दुपारी, सासूबाई पडवीत कुळीथ निवडत बसल्या होत्या आणि नवरा बागेतून नुकता आला होता, तेव्हा बोलले. मांगर मोकळाच असतो, तिथं हे यंत्र लावायचं म्हणते.

मांगर म्हणजे घरापासून जरा बाजूला, कलमांच्या बागेत, जांभ्या चिऱ्यांची लांबट कौलारू खोली. आंब्याच्या दिवसांत तिच्यात अढी पडते, आंबे पेंढ्यात पिकत ठेवतात. बाकी वर्षभर पेंढा, पाट्या आणि मोडकी खुर्ची.

नवरा म्हणाला, "पर्यटकांसाठी काय?"

"नाही. माझ्यासाठी."

तो पाणी प्यायला. तो असाच, पटकन नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "ह्या खेळान होता काय?"

"काही होत नाही, आई. चेंडू जातो."

"खंय जाता?"

"पडद्यावर."

"आणि मगे?"

"मग दुसरा मारायचा."

त्या जरा विचारात पडल्या. "म्हंजे आमच्या भजनासारख्याच ह्या. परत परत ताच." आणि सूप उचललं. "चैतात मांगर आंब्यांचो, ता इसरू नको. तेव्हा तुझो पडदो गुंडाळून ठेव."

त्यांनी परवानगी दिली हे मला संध्याकाळी कळलं, पेंढा कुठं हलवायचा ते त्यांनीच नवऱ्याला सांगितलं तेव्हा.

यंत्र विकणाऱ्याला फोन करण्याआधी मी शब्द पाठ केले. लाँच मॉनिटर. इम्पॅक्ट स्क्रीन. प्रोजेक्टर. मॅट. तोंडाला वळण पडावं म्हणून विहिरीवर पाणी काढताना म्हणत होते. 

"नमस्कार मॅडम, सर आहेत का? सरांशी बोललो असतो," पलीकडचा मुलगा म्हणाला. पुण्याचा होता.

"सर मोहोरावर फवारणी करतायत. तुम्ही माझ्याशी बोला."

"नाही, म्हणजे खेळणार कोण आहे?"

"मी."

"ओके. हँडिकॅप किती तुमचा?"

"नाही काढला. खेळाचा तो आकडा काढायला कोर्सवर, खऱ्या मैदानावर खेळावं लागतं. मी रेंजवरची." आणि मग एकदम, कशाला बोलले मला माहीत नाही, "चेंडू गोळा करायला होते मी. तिथं शिकले."

 मी म्हटलं, आता हा काहीतरी कारण काढून ठेवतो फोन. पण त्यानं मला नीट समजावून सांगितलं. चेंडूच्या मागे ठेवायचं यंत्र असतं त्याला लांब जागा लागते, बाजूला ठेवायचं असतं त्याला कमी लागते. पावसात दमट हवा असते तर यंत्र खेळून झालं की डब्यात बंद करा. वीज वरखाली होते तर स्टॅबिलायझर आधी घ्या, प्रोजेक्टर नंतर. लांबी-रुंदी मी आधीच मोजून ठेवली होती. ती ऐकून म्हणाला, "मस्त आहे जागा. आता फक्त उंची सांगा. तिथंच सगळ्यांचं अडतं."

आमचंही तिथंच अडलं. मांगराच्या आढ्याखाली उभं राहिलं तर वर भरपूर जागा. मी खूश झाले होते आणि उंची म्हणून आढ्यापर्यंतचीच धरली होती. मग दाराआडची काठी आणली आणि हळूच मागे नेली. टक्. भिंतीपासून भिंतीपर्यंत आडव्या तुळया टाकलेल्या, त्यातल्या मागच्या तुळईला लागली. एक पाऊल सरकले. आता पुढं नेताना पुढची लागली. मी पुन्हा सरकले, पुन्हा लागली. त्या रिकाम्या मांगरात मी किती वेळ सरकत होते कोण जाणे. पूर्ण स्विंगला जागा अशी कुठंच नव्हती.

यंत्र कमरेएवढ्या स्विंगवरही चालतं, असं त्या मुलानं फोनवर सांगितलं होतं. नवऱ्यानंही तेच धरलं, "अर्धा हात मार की. घरातल्या घरात तर आहे." मी नाही म्हटलं. अर्ध्या हातानं मी इथं आल्यापासून सगळंच करत होते. छप्पर उचलून घेऊया, म्हटलं.

छप्पर उचलायचं तर चुलत दिराला विचारणं भाग होतं, कारण मांगर सामायिक. ज्या आज्यानं तो बांधला त्याची दोन घरं झाली, जमीन वाटली, मांगर वाटायचा राहिला. दीर वयानं माझ्या नवऱ्याहून लहान, पण थोरल्या घरातला, त्यामुळं मान त्याचा. घर शेजारीच. तो आला, तुळईखाली उभा राहिला आणि मला म्हणाला, "वयनी, ह्या तुळयेक हात लावचो नाय. फणसाची आसा. आज्यान रानातसून खांद्यावरून हाडलली."

"हात नाही लावत. भिंतीच दोन थर उचलू, तुळई वर चढवू."

"म्हंजे मांगराचा आढा घराच्या वर जाताला! ता नाय चलाचा. घराक डोक्यार कोण घेता?" आणि बाहेर जाता जाता नवऱ्याला, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "घाटयेक उंची होयी तर घाटार रवाचा होता."

राग आला, पण त्या रागातच मला एक चांगलं सुचलं. वर जायचं नाही ना? मग खाली जाते. मांगराखाली जांभा आहे, ज्यातून चिरे कापतात तोच. माझ्या पायापासून पडद्यापर्यंतचा मधला पट्टा, भिंतींच्या पायाला धक्का न लावता, दोन चिरे खोल कापला तर तुळई आपोआप तेवढी वर गेली.

चिरेखाणीवर वर्षानुवर्षं काम केलेला एक माणूस सासूबाईंच्या ओळखीचा. त्यानं येऊन पहारीनं जमीन ठोकली, कान देऊन ऐकलं आणि होईल म्हणाला. पावसात खड्ड्यात पाणी पाझरणार, म्हणून उताराकडं चर काढायचा. निघालेल्या चिऱ्यांत बाहेर पायरी होईल. मी लगेच कधी येता विचारलं.

"गाऱ्हाना घातलास की येतंय."

इथं जमीन खणायच्या आधी जागेवाल्याला सांगतात. प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो, त्याच्यापुढं विडा-नारळ ठेवून एकजण मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, काय करणार ते सांगतो, चूकभूल पोटात घाल म्हणतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं उभंच राहत नाही. आणि आमच्या दोन्ही घरांचं गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या घराचा. म्हणजे दिराचा.

नवरा त्याला बोलवायला गेला आणि एकटाच परत आला.

"काय म्हणाला?"

"आज्यान चोपलेली जमीन खेळासाठी खणूक मी गाऱ्हाना घालूचंय नाय, म्हणालो."

वर जायचं नाही, खालीही जायचं नाही. मला वाटलं, संपलं. आत जाऊन पुण्याच्या मुलानं पाठवलेली यंत्राची चित्रं फोनमधून पुसायला काढली. भावांना काय सांगू, त्या मुलाला काय सांगू, हेच डोक्यात. सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "रडतंस कित्याक? तूच घाल."

"मी?"

"तोंड नाय तुका?"

"बायका घालतात?"

"घालीत नाय." त्यांनी लाकूड आत सारलं. "पण घालू नये म्हणान माका कोणी सांगूक नाय."

मी दोन दिवस भीतीनं जेवले नाही. मालवणी मला कळते सगळी, पण बोलायला गेले की घाटाची चाल लागते आणि पोरंसोरं हसतात. देवापुढं हसली तर? देवालाच नाही कळलं तर? चिरेवाल्याला बोलावलं, कारण उत्तर द्यायला माणसं हवीत. सकाळी आम्ही चौघं मांगरात उभे राहिलो. मी विडा ठेवला, नारळ ठेवला, पदर खोचला आणि डोळे मिटून सुरू केलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज ह्या तुझ्या जागेत धाकट्या घरची सून उभी रवली आसा. ती घाटावरची आसा. तिका तुझी भाषा नीट बोलूक येत नाय, तां गोड मानून घे म्हाराजा!"

थांबले. उत्तर नाही.

डोळे किलकिले करून बघितलं. नवरा पायाकडं बघत होता. सासूबाई त्याच्याकडं बघत होत्या, कारण घरच्या पुरुषानं आधी म्हणायचं. चिरेवाला परका, तो आधी कसा म्हणेल.  कौलांवर काहीतरी सरपटलं तेही मोठ्यानं ऐकू आलं.

आणि मागून, बाहेरून, गडग्याच्या पलीकडून, खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

गडगा म्हणजे बागेचं दगडी कुंपण. त्यावर कोपर टेकून दीर उभा होता. आम्ही त्याच्याशिवाय खणायला धजतो का ते बघायला आला असणार. लहानपणापासून तो गाऱ्हाण्याला उत्तर देत आलाय. गाऱ्हाणं ऐकायचं आणि गप्प राहायचं, हे त्याच्या जिभेला माहीतच नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला.

पण आता आमच्याकडचे सगळे सुटले. नवरा, सासूबाई, चिरेवाला, एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

माझी भीती कुठं गेली सांगता येणार नाही. मी त्याच्याकडं वळूनच उभी राहिले. "तर म्हाराजा! थोरल्या घराच्या आणि धाकट्या घराच्या एकविचारान आज हंयसर दोन चिरे जमीन काढतंव..." आणि थांबले. मुद्दाम थांबले. गाऱ्हाण्यात थांबलं की उत्तर यावंच लागतं, आणि पहिल्याला हो म्हटलेल्यानं दुसऱ्याला मधेच गप्प बसणं फार वाईट. त्यालाही ते माहीत. तो माझ्याकडं बघत राहिला, जबडा घट्ट.

"व्हय म्हाराजा," म्हणाला. दातांतून, पण म्हणाला.

"तिका खेळूक बळ दी, तुळयेक सांभाळ, आणि जो कोण मनातसून रागावलो आसात तेचो राग शांत कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

नारळ फुटल्याफुटल्या तो गडगा चढून आत आला. "वयनी, माका फसवलंस तू."

"मी कुठं बोलावलं तुम्हाला, भावोजी? गडग्यावर तुम्हीच होता."

"सवयीन गेला माझ्या तोंडातसून!"

"देवाफुडे सवयीन गेला काय आणि मुद्दाम गेला काय," सासूबाई खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "गेला मा? खा आता."

त्यानं खोबरं खाल्लं. चिरेवाल्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळून कटर सुरू केला तेव्हा तो तिथंच उभा राहून त्याला रेघ कुठं वाकडी जाते ते दाखवत होता.

पुढचं मग भराभर झालं. पट्टा कापला, चर काढला, तळाला कोबा केला. बाजूच्या जाळ्या विकत महाग होत्या, म्हणून मी किनाऱ्यावरच्या देवबागला जाऊन जाळी विणणाऱ्या एका बाईकडून घेतल्या. तिनं डोळा केवढा हवा विचारलं. मी मूठ करून दाखवली, ह्याच्यातून जाणार नाही एवढा.

"कसले मासे धरतलंस?"

"पांढरे. गोल. पोहत नाहीत, उडतात."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "दारू पितंस काय गो?" आणि हसत हसत दोरी जास्तीची घातली, पैसे घेतले नाहीत तिचे.

यंत्र बंगळुरूहून गोव्याच्या वाटेनं आलं. हद्दीवर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ड्रायव्हरनं मला फोन लावून दिला, तिथल्या माणसाला ऐकायचं होतं खोक्यात काय आहे ते. "गोल्फ?" तो म्हणाला. "हंयसर? खंय खेळतलास?" "मांगरात," मी म्हटलं. तो इतका हसला की मलाही हसू आलं. गाडी पुढं आली. पुण्याच्या मुलानं व्हिडिओ कॉलवर सगळं जोडून घेतलं, प्रोजेक्टर त्या फणसाच्या तुळईलाच टांगला, आणि पडद्यावर हिरवंगार मैदान आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढी जमीन आणि एक माड नाय!"

सगळं झालं. जागा होती, उंची होती, यंत्र होतं. आणि स्विंग येईना.

येईना म्हणजे हात खांद्यापर्यंत जायचे आणि थांबायचे. तुळई आता चांगली हातभर वर होती, मी मोजली होती, तरी अंग ऐकत नव्हतं. मान आपोआप खाली जायची, खांदे आत यायचे, चौकटीतून शिरताना येतात तसे. चेंडू खुरडत जाऊन पडद्याच्या पायाशी पडायचा. रोज संध्याकाळी मी जायची, रोज तसंच.  वाटलं, ते सगळं त्या म्हाताऱ्याच्या सोमवारांबरोबर गेलं, आणि मी उगाच एवढं रान उठवलं.

अशाच एका संध्याकाळी दीर मांगराच्या दारात आला. नवरा त्याच्या मागे. दिराचा राग कधीच निवळला होता, उलट बाजारात तो "आमच्या मांगरातला मशीन" म्हणून सांगत फिरायचा. त्याला एक युक्ती सुचली होती. पावसात देवबागच्या होड्या बंद, पर्यटक नुसते खोलीत बसून कंटाळतात. त्यांना इकडं आणायचं. बोर्ड लावायचा. तासावर पैसे.

"काय म्हणतंस वयनी? मशीन बसान खाता, तेच्यापेक्षा कमावता तरी."

नवरा म्हणाला, "वाईट नाही कल्पना."

"नाही," मी म्हटलं.

"अगो, पण..."

"नाही भावोजी. हे भाड्याचं नाही."

तो चिडला. आत आला, खणलेल्या पट्ट्याच्या काठाशी उभा राहिला. "तर मगे तू तरी खेळ! रोज बघतंय मी खिडकेतसून. अर्धोच हात उचलतंस आणि धोपटतंस. कोयतो घेवन लाकडा फोडल्यासारख्या. अर्ध्या हातासाठी माझ्या आज्याची जमीन खणून घेतलंस?"

नवरा त्याला गप म्हणाला. पण दीर खरं बोलत होता.

"बाजूला व्हा, भावोजी."

"माका लागात तर?"

"म्हणूनच म्हणते, बाजूला व्हा."

तो सरकला. मी चेंडू ठेवला, पाय रोवले. डोकं वर केलं आणि तुळईकडं सरळ, डोळे भरून बघून घेतलं. आहे तिथं. असू दे तिथं. मग हात मागे नेले, आणि खांद्यापाशी ते थांबायला आले तेव्हा थांबू दिले नाहीत. लागली तर लागू दे, फुटलं कौल तर फुटू दे, सगळा गाव जमू दे. वर, डोक्याच्या वर, पाठीत काहीतरी कडकन सुटलं, आणि तिथून मी सगळीच्या सगळी खाली आले.

काही लागलं नाही. पडदा असा वाजला की दोघंही मागे सरले. पडद्यातला चेंडू वर गेला, वर जाऊन जरासा थांबल्यासारखा झाला, आणि मग उजवीकडं वळत वळत त्या तळ्यात पडला. पाणी उडालं.

 मी अजून काठी खांद्यावर घेऊन उभी होते, वळलेली, छाती पडद्याकडं. श्वास लागला होता.

"पाण्यात गेलो," दीर हळूच म्हणाला.

"गेला तर गेला. लांब गेला ना?"

"लांब गेलो," त्यानं मान हलवली. "ता खराच."

मी टोपलीतून दुसरा चेंडू घेतला. "जाताना दार लावून घ्या, भावोजी. आणि देवबागला सांगा, मांगर रिकामा नाही."